दोन सुरांत मावणारा सोलो

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं अमेरिकन जॅझमधला टेनर (खालच्या पट्टीचा) सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स याच्याबद्दल आहेत. काही वाचक ऐकणारे आहेत, काही स्वतः वाजवणारे. म्हणून आयुष्याचे आणि वादनाचे प्रश्न आम्ही वेगळे न काढता एकत्रच घेतले आहेत. रोलिन्सच्या बाबतीत ते तसे वेगळे करताही येत नाहीत.

प्रश्न : मी आयुष्यभर रागसंगीत ऐकत आलो. जॅझमध्येही उपज असते असं म्हणतात. मग गायकाची बढत आणि रोलिन्सचा सोलो यांत फरक काय? ऐकताना नेमकं काय धरून ठेवायचं?

दोन्हीकडे काय स्थिर राहतं ते आधी पाहा. रागात सूर ठरलेले असतात आणि षड्ज तंबोऱ्यात अखंड चालू असतो. जॅझमध्ये स्थिर असते ती चौकट, म्हणजे गाण्याची लांबी आणि तिच्याखाली ठरलेल्या क्रमाने बदलत जाणाऱ्या कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट). ब्लूज या गीतप्रकाराची चौकट १२ बारांची असते आणि प्रत्येक बारात ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. दुसरा नेहमीचा साचा ३२ बारांचा. त्यात आठ-आठ बारांचे चार तुकडे असतात. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एकाच चालीचा, तिसरा वेगळा. त्या तिसऱ्याला ब्रिज म्हणतात. चौकटीची एक पूर्ण फेरी म्हणजे एक कोरस. वादक आधी मूळ धून वाजवतो, मग त्याच चौकटीवर कोरसमागून कोरस नवी धून रचत जातो (हाच सोलो) आणि शेवटी मूळ धुनेवर परत येतो. ठेका धरायचं काम बास आणि ड्रमरची राइड झांज करतात.

म्हणजे तुमच्या कानाला जो सूर अचानक ‘वर्ज्य’ वाटतो तो बहुतेक वेळा चुकीचा नसतो. त्या क्षणी खालची कॉर्ड बदललेली असते, आणि आधीच्या बारात खटकला असता तोच सूर आता घरचा झालेला असतो.

ऐकण्याची युक्ती एकच. सोलो चालू असताना मनात मूळ धून गुणगुणत राहा. दोन-तीन वेळा चुकाल, मग जमेल. सगळ्याच वादकांच्या बाबतीत ही युक्ती सारखी फळत नाही, पण रोलिन्सच्या बाबतीत फार फळते, कारण तो स्वतः मूळ धून सोडत नाही. सुरुवातीला ‘सेंट थॉमस’ घ्या. २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे त्याचं ध्वनिमुद्रण झालं. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. रोलिन्सचे आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन आयलंड्सचे, आणि ही धून त्याने लहानपणी आईकडून ऐकलेली. चौकट फक्त १६ बारांची आहे, त्यामुळे नवख्यालाही मोजता येते. सोलोच्या सुरुवातीला तो केवळ दोन सुरांची आकृती घेतो. ती परत म्हणतो, लयीत थोडी सरकवतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. गायक मुखड्याशी खेळतो तसंच. पुढे रोचचा ड्रम सोलो येतो आणि तो संपल्यावर कॅलिप्सो या कॅरिबियन गीतप्रकाराचा ठेका सुटून सरळ स्विंग, म्हणजे जॅझचा नेहमीचा झुलता ठेका, सुरू होतो. तो बदल ऐकताना मोजणं सोडू नका, चौकट तीच आहे.

प्रश्न : तो पुलावर जाऊन रियाज करायचा हे खरं का? नावाजलेला माणूस वादन बंद करून पुलावर का जाईल?

खरं आहे. १९५९ च्या उन्हाळ्यात त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले, ते थेट १९६१ च्या शरद ऋतूपर्यंत. तेव्हा तो तिशीच्याही आत होता (जन्म ७ सप्टेंबर १९३०, न्यूयॉर्कचं हार्लेम) आणि त्याच्या नावाभोवती मोठं वलय होतं. आपलं वादन त्या नावाच्या तोडीचं नाही, असं त्याला वाटत होतं. तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. टेनरचा आवाज भिंतींना जुमानत नाही, आणि शेजाऱ्यांना त्रास देणं त्याला जड जात होतं. जवळच ईस्ट नदीवरचा विल्यम्सबर्ग पूल होता, १९०३ साली खुला झालेला, मॅनहॅटनला ब्रुकलिनशी जोडणारा. त्याच्या पादचारी मार्गावर उभं राहून तो वाजवायचा. बाजूने आगगाड्या आणि मोटारी, खाली बोटी. ऋतू कोणताही असो, कधी कधी दिवसाचे १५-१६ तास.

यातली वादकाच्या उपयोगाची गोष्ट अशी : उघड्यावर सूर परत येत नाही. खोलीत भिंती आपला आवाज भरून देतात, त्यामुळे श्वासाचा कमकुवतपणा झाकला जातो. उघड्यावर प्रत्येक सूर जितका श्वास दिला तितकाच मोठा असतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या जागी २० मिनिटं फक्त लांब सूर वाजवून बघा. मधल्या सप्तकातला एक सूर घ्या, ८ मात्रा हळूहळू वाढवा, ८ मात्रा उतरवा. उतरवताना सूर थरथरला किंवा वर चढला तर समजा की श्वास कमी करताना तुम्ही ओठ आवळताय. थंड हवेत वाद्य स्वराला खाली उतरतं, तेव्हा आधी काही मिनिटं फुंकून ते गरम करा आणि मगच माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आत सरकवायचं का ते ठरवा. आत सरकवलं की सूर चढतो, बाहेर ओढलं की उतरतो.

परत आल्यावर १९६२ साली त्याने गिटारवादक जिम हॉलला घेऊन तबकडी काढली. काही समीक्षकांना पूर्ण नवी शैली हवी होती आणि ते हिरमुसले. आम्हाला वाटतं, त्यांनी चुकीच्या ठिकाणी कान लावले. बदल झाला होता तो सुराच्या वजनात आणि वादकाच्या स्थैर्यात.

प्रश्न : बाराही स्केल मला पाठ आहेत, आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) येतात. ब्लूजवर सोलो घेतला की मात्र सगळं सरावासारखं वाटतं. कुठे चुकतंय?

चूक बोटांत नाही. तुम्ही दर दोन बारांनी नवा विचार मांडताय, आणि ऐकणाऱ्याला आधीचा विचार लक्षात ठेवायला वेळच मिळत नाही. रोलिन्सचं सगळ्यात मोठं देणं नेमकं इथेच आहे. सेंट थॉमसच्याच सत्रात मुद्रित झालेला ‘ब्लू सेव्हन’ हा ११ मिनिटांचा ब्लूज. गुंथर शुलर या संगीतकार-समीक्षकाने १९५८ साली त्यावर सविस्तर लेख लिहून दाखवलं की रोलिन्स धुनेतल्या छोट्या आकृत्या सोलोभर वाढवत नेतो, म्हणून इतका लांब सोलोही एकसंध राहतो. (हा लेख वाचल्यावर आपण वाजवताना स्वतःकडेच बघायला लागलो आणि ते जाचक ठरलं, असं रोलिन्सने नंतर सांगितलं आहे. म्हणून पुढे दिलेलं रियाजाच्या वेळी करा, मंचावर नाही.)

टेनरसाठी बी फ्लॅटमधल्या ब्लूजचा साथीचा ट्रॅक घ्या, वेग मिनिटाला ८० ते ९० मात्रा. टेनरवर लिहिलेला सी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजतो, म्हणून तुमच्यासाठी ही सीची चौकट झाली. ऑल्टो (टेनरपेक्षा लहान, चढ्या पट्टीचा सॅक्सोफोन) असेल तर ट्रॅक ई फ्लॅटचा घ्या, बोटं तीच राहतील. कॉर्डचा साधा क्रम असा : पहिले चार बार सी सेव्हन, पाचवा-सहावा एफ सेव्हन, सातवा-आठवा परत सी सेव्हन, नववा जी सेव्हन, दहावा एफ सेव्हन, शेवटचे दोन सी सेव्हन.

आता तीनच सूर : जी, ई, सी, वरून खाली. त्यांना एक ठळक लय द्या, बोलून दाखवता येईल अशी. पहिल्या दोन बारांत ती आकृती वाजवा आणि तिसऱ्या-चौथ्यात गप्प राहा. पाचव्या बारात तीच आकृती, तीच लय, पण ईच्या जागी ई फ्लॅट, कारण खाली एफ सेव्हन आली आहे. सातव्या-आठव्यात पुन्हा शांतता. नवव्यात जी, एफ, डी. शेवटचे दोन बार मोकळे सोडा किंवा सीवर उतरा. एक सूर अर्ध्या पायरीने हलला आणि कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळलं, तरी आकृती ओळखीचीच राहिली. असे चार कोरस काहीही न बदलता वाजवा. कंटाळा येईल, पण शांततेच्या जागा याच कंटाळ्यात घडतात.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. चार कोरस फक्त सुरुवात सरकवा : पहिल्या मात्रेऐवजी दुसऱ्यावर, मग दुसरीच्या अर्ध्यावर. पुढचे चार कोरस शेवटचा सूर गाळा. नंतर आकृती उलटी घ्या, सी-ई-जी. नंतर मधला सूर लांबवा. लय आणि सूर दोन्ही एकदम बदललेत तर आकृती हरवते; नवशिक्याचे बहुतेक सोलो इथेच विस्कटतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक वाक्य चौथ्या बाराच्या शेवटी संपवणं. श्वास तिथे घ्यायची सवय असते म्हणून तसं होतं. मुद्दाम पाचव्या बारात दोन मात्रा घुसून संपवा आणि श्वास तिथे घ्या.

एक कसोटी सांगतो. तीन कोरस मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. मूळ आकृती निदान सहा वेळा ओळखू आली पाहिजे. नाही आली तर परत तीन सुरांवर या. आणि वाद्य तोंडाला लावण्याआधी आकृती गाऊन बघा. गाता येत नसेल तर ती तुमच्या मनात नाही, फक्त बोटांत आहे.

प्रश्न : पियानोशिवाय, नुसत्या बास-ड्रम्सवर वाजवायचं म्हटलं की आमचं त्रिकूट पोकळ वाटतं. रोलिन्सचं का वाटत नाही?

१९५७ च्या मार्चमध्ये त्याने लॉस एंजेलिसमध्ये बासवादक रे ब्राउन आणि ड्रमर शेली मॅन यांच्यासोबत असं मुद्रण केलं. तिघेही कामात इतके गुंतलेले की सत्र पहाटे तीनला सुरू झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हँगार्ड या जॅझ क्लबमध्ये थेट कार्यक्रमही पियानोविना झाला. पियानो नसला की कॉर्ड दाखवायची जबाबदारी सॅक्सोफोनवर येते. रोलिन्स ती धुनेच्या ओघातच पार पाडतो, म्हणून पोकळी राहत नाही.

तुमचं पोकळ वाटतं कारण बहुधा तुम्ही कॉर्डचा मूळ सूर धरताय. तो बासकडे आहेच. कॉर्डची ओळख मूळ सुरापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या सुरात असते. वरच्याच चौकटीत पाहा : सी सेव्हनमध्ये ई आणि बी फ्लॅट, एफ सेव्हनमध्ये तेच अर्ध्या पायरीने खाली, ई फ्लॅट आणि ए, जी सेव्हनमध्ये सीच्या अर्धी पायरी वर, एफ आणि बी. म्हणजे दोन बारीक धागे सगळ्या चौकटीतून सरकत जातात.

आधी ‘ई’चा धागा घ्या, दर बाराला एकच लांब सूर, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ६० वर. मग ‘बी फ्लॅट’चा. नंतर धाग्यातल्या प्रत्येक सुराच्या आधी एक-दोन सूर जोडून त्याच्यापर्यंत चालत जा. शेवटी वेग १२० करा, पण मेट्रोनोम ६० वरच ठेवा आणि त्याचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आहे असं माना. पहिल्या दिवशी ठोका फिरून पहिल्या-तिसऱ्यावर जाईल. तसं झालं की थांबा, मोठ्याने मोजा, पुन्हा सुरू करा.

प्रश्न : सोलोच्या मध्येच चौकटीत वाट चुकते. तेव्हा काय करायचं?

वाजवणं थांबवा. घाबरून जास्त सूर ओतू नका. ब्लूजमध्ये पाचवा बार बासवरून सापडतो, कारण बास तिथे चौथ्या स्वराच्या कॉर्डवर (वरच्या चौकटीत एफ सेव्हनवर) जातो. ३२ बारांच्या गाण्यात ब्रिज आला की कॉर्डचा रंगच बदलतो. रोलिन्सच्या ‘ओलिओ’चा ब्रिज हे सोपं उदाहरण आहे. चार कॉर्ड, प्रत्येकी दोन बार, एकमेकींना पुढे ढकलणाऱ्या. चांगला ड्रमर आठव्या बाराच्या शेवटी काहीतरी भरून खूण देतो. तेवढी वाट पाहा आणि मूळ धुनेचा एखादा तुकडा घेऊन आत या. बाहेरून ऐकणाऱ्याला ती शांतता मुद्दाम ठेवल्यासारखी वाटेल.

प्रश्न : रोलिन्ससारखा भरदार सूर हवा म्हणून मोठ्या तोंडाचं धातूचं माउथपीस आणि तीन नंबरची रीड घेतली. आता नुसती हवा येते आणि दहा मिनिटांत ओठ थकतात.

माउथपीसच्या टोकाची फट जितकी मोठी तितकी रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) नरम हवी. तुम्ही दोन्ही एकदम वाढवलंत. फट इंचाच्या सहस्रांशात मोजतात. टेनरच्या ऑटो लिंक या बनावटीच्या माउथपीसमध्ये ७ स्टार म्हणजे साधारण १०५ सहस्रांश, आणि हे सरावलेल्या तोंडाचं माप आहे. तूर्त २ किंवा अडीचची, म्हणजे नरम, रीड लावा. त्यानेही हवा आलीच तर ८० ते ९० सहस्रांशाच्या माउथपीसवर परत या, त्यात काही कमीपणा नाही. धातू की रबर या प्रश्नापेक्षा आतली पोकळी आणि फट यांनी जास्त फरक पडतो.

रीडकडेही लक्ष द्या. ती बोरूसारख्या पोकळ काडीची असते, पाण्याने फुगते आणि वाळली की वाकते. नवी रीड ओली करून पहिल्या दिवशी ५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी १० मिनिटं एवढीच वाजवा. चार रीड आलटून पालटून वापरा आणि वाजवून झाल्यावर पुसून सपाट काचेवर किंवा रीडच्या डबीत ठेवा. माउथपीसवर नुसतीच लावून सोडलीत तर टोक लाटेसारखं होतं आणि खालचे सूर फुटायला लागतात. लावताना रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी केसाएवढ्या फरकाने जुळलं पाहिजे. ते एका बाजूला सरकलं की किंचाळी येते.

भरदार सूर घशात घडतो. सगळ्यात खालच्या बी फ्लॅटची बोटं दाबून ठेवा आणि बोटं न हलवता, फक्त घसा, जीभ आणि श्वास बदलून वरचे सूर काढा : आधी एक सप्तक वरचा बी फ्लॅट, मग एफ, मग त्यावरचा बी फ्लॅट, मग डी. रोज १० मिनिटं. पहिले काही आठवडे फक्त पहिला सूर येईल आणि तोही निसटेल. जबडा आवळून काढलात तर तो बारीक आणि चढा येतो. ‘ओ’ म्हणताना घसा जसा मोकळा असतो तसा ठेवा. हे जमू लागलं की साधे सूरही आपोआप रुंद होतात.

प्रश्न : त्या पिढीतले बरेच जण हेरॉइन घेत. त्याशिवाय असं वादन शक्य नव्हतं, असं माझा मित्र म्हणतो.

तुमचा मित्र चुकतो आहे, आणि ही समजूत जीवघेणी ठरलेली आहे. थोर ऑल्टोवादक चार्ली पार्कर घेतो म्हणून आपणही, अशा विचाराने अनेक तरुण वादक त्यात ओढले गेले. रोलिन्सही. १९५० साली सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात तो पकडला गेला आणि रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने काढले. १९५३ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका मुद्रणात पार्करही होता. आपण व्यसन सोडलंय असं रोलिन्स त्याला खोटं बोलला, पार्करला आनंद झाला, आणि त्याच दिवशी त्याला खरं कळलं. तो उतरलेला चेहरा आपल्याला विसरता आला नाही, असं रोलिन्सने सांगितलं आहे. १९५५ साली तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचारासाठी स्वतःहून गेला. तो तिथे असतानाच, १२ मार्च १९५५ रोजी, पार्कर वारला. वय ३४. बाहेर आल्यावर रोलिन्स शिकागोत राहिला, झाडलोटीसारखी कामं केली, आणि त्या वर्षाच्या अखेरीला क्लिफर्ड ब्राउन-मॅक्स रोच यांच्या पंचकात आला. ट्रम्पेटवादक ब्राउन कोणतंही व्यसन न करता वाजवत होता, आणि त्याच्या वादनाला तोड नव्हती. ब्राउन जून १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला.

तारखा शेजारी ठेवून पाहा. ज्या मुद्रणांसाठी आज जग रोलिन्सला ओळखतं त्यांतली बहुतेक लेक्सिंग्टननंतरची आहेत.

प्रश्न : तो भारतात आला होता का?

हो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईत पवईच्या स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. योगाची ओढ त्याआधीपासूनची. ध्यानात मन स्थिर होत नाही अशी अडचण त्याने तिथे मांडली, तेव्हा वाद्य वाजवणं हेच तुझं ध्यान आहे असं उत्तर मिळाल्याचं त्याने सांगितलं आहे.

प्रश्न : वय ५८. यंदा टेनर सुरू केला. दम पुरेल का?

पुरेल, पण तासभर सलग वाजवू नका. २० मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये निदान तेवढीच विश्रांती. पट्टा असा बांधा की माउथपीस आपोआप तोंडाशी येईल. मान खाली वाकवावी लागली तर श्वासाची वाट अडते. खालचा ओठ दातांवर फक्त उशीसारखा हवा. आत दातांची खूण उमटत असेल तर जबडा ढिला करा. श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतून, पोट बाहेर येईल असा घ्या, आणि दम संपायच्या आधीच घ्या. पहिल्या महिन्यात लांब सूर १२ मात्रांपर्यंत टिकला, मेट्रोनोम ६० वर, तर ते पुष्कळ झालं. चक्कर आली की बसा आणि त्या दिवशी वाद्य ठेवून द्या. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. रोलिन्स स्वतः ८० पार करूनही मंचावर होता. २०१२ नंतर त्याने जाहीर वादन केलं नाही, तेही फुप्फुसांच्या विकारामुळे.